स्पर्धा नऊ आठवड्यांवर आलीय आणि ताकद घसरतेय. स्नायू जातायत का?

पहिलाचमंच

नमस्कार मंडळी. वय २६, उंची १७५ सेंटीमीटर. कुठलंही औषध न घेता, औषधचाचणी होते अशा बॉडीबिल्डिंग स्पर्धेत पहिल्यांदाच उतरतोय. स्पर्धेला नऊ आठवडे राहिलेत. डाएट सुरू केलं तेव्हा वजन ८८ किलो होतं, आता ८० आहे. सध्या रोज साधारण २००० कॅलरी: प्रोटीन १९० ग्रॅम, फॅट ५० ग्रॅम, उरलेले सगळे कार्ब. आठवड्यातून चार वेळा चाळीस मिनिटं चढावर चालतो.

आरशात बदल दिसतोय. पोटाच्या खालच्या भागात शिरा दिसायला लागल्यात, खांद्याचे तिन्ही भाग सुटे दिसतात. पण ताकद उतरतेय आणि जिवाला घोर लागलाय तो त्याचाच. बेंचला १०० किलोवर आठ रेप (एका दमात आठ वेळा उचलणं) निघायचे, आता पाच काढतानाच दम निघतो. स्क्वॉटला १४० वर सहा व्हायचे, आता तिसऱ्या रेपला खालीच अडकतो. डेडलिफ्ट मात्र जवळपास होता तसाच आहे आणि पुलअप तर वाढलेत, हे कोडं काही सुटत नाही. छाती रिकामी वाटते. कपडे घातले की ओळखीचे लोक 'आजारी होतास का?' म्हणून विचारतात.

जिममधला एक जण म्हणतो, 'आता जड वजनं सोड, हलक्या वजनावर वीस-पंचवीस रेप मार, कट्स (स्नायूंच्या रेषा) येतील.' दुसरा म्हणतो, 'कार्ब पूर्ण बंद कर.' जे जातंय ते स्नायू आहेत की दुसरंच काही? आणि पुढच्या नऊ आठवड्यांत अजून किती घसरण धरून चालायची?

जुनालोखंडी

तुझे आकडे दोनदा वाचले. माझ्या मते स्नायू जात नाहीयेत, निदान अजून तरी. का ते सांगतो.

आधी बेंचचं बघू. चरबी उतरताना बेंच सगळ्यात आधी पडतो, जवळजवळ प्रत्येकाचा. आठ किलो गेले ते फक्त पोटावरून गेले नाहीत, पाठीवरून आणि छातीवरूनही गेले. धडाची जाडी कमी झाली, म्हणजे बार छातीला टेकवायला तुला आता जास्त खाली यावं लागतं. वजन तेच, अंतर जास्त, आणि वाढलेलं अंतर नेमकं तळाचं, जिथे तू सगळ्यात कमजोर असतोस. स्क्वॉटचंही तसंच. भरल्या अंगाने खाली बसलं की पोट मांडीवर टेकतं, पोटरी मागच्या मांडीला भिडते आणि वर यायला आधार मिळतो. तो आधार गेला म्हणून तू तळाशी अडकतोयस. डेडलिफ्टला असला आधार फारसा लागतच नाही, तो टिकला. पुलअपला तर आठ किलो कमी ओढतोयस, रेप वाढणारच. त्यामुळे वाढलेल्या पुलअपवरून पाठ वाढली समजू नकोस आणि पडलेल्या बेंचवरून छाती गेली असंही समजू नकोस.

खरी परीक्षा वेगळ्या व्यायामांवर होते. छाती आणि पोट बाकावर टेकवून मारायचं रोइंग, लेग एक्स्टेन्शन, लेग कर्ल, केबलवर ट्रायसेप. यात शरीराच्या जाडीचा फारसा संबंध येत नाही. गेल्या तीन आठवड्यांची वही काढ आणि हे आकडे बघ. तिथेही सगळीकडे एकदम उतार दिसला तर काळजीचं कारण आहे.

दुसरी परीक्षा कार्बची. ताकदीचा मोठा भाग स्नायूत साठलेल्या ग्लायकोजेनवर, म्हणजे कार्बपासून बनलेल्या इंधनावर चालतो, आणि ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणी स्नायूत बसतं. कमी कॅलरीवर तो साठा अर्धवटच भरलेला राहतो, म्हणून छाती सकाळी अर्ध्या रिकाम्या पखालीसारखी वाटते. एक-दोन दिवस फॅट थोडं कमी करून कार्ब भरपूर वाढव, एकूण कॅलरी वजन स्थिर राहील इतक्या ने, आणि लगेच पुढच्या दिवशी बेंच मार. रेप परत आले तर जे गेलं होतं ते इंधन होतं.

किती घसरण धरायची म्हणतोस, तर २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. औषध न घेणाऱ्या एकाच बॉडीबिल्डरला वर्षभर मोजत राहिले, सहा महिने स्पर्धेआधी आणि सहा महिने नंतर. चरबी १४.८ टक्क्यांवरून ४.५ वर आली. आरामातले हृदयाचे ठोके मिनिटाला ५३ वरून २७ वर गेले. टेस्टोस्टेरॉन उरलं जेमतेम चौथा हिस्सा. ताकद घसरली, आणि स्पर्धेनंतर सहा महिने खाऊनपिऊनही पुरती परतली नव्हती. टेस्टोस्टेरॉन तोवर पूर्ववत झालं होतं, ताकद मागेच राहिली होती. हा एकच माणूस आहे, त्याचे आकडे तुला लागू होतीलच असं नाही. पण तयारी नीट केलेल्या माणसालाही हे चुकत नाही, एवढं त्यातून कळतं.

मंचावर माणूस सगळ्यात बलवान दिसतो, आणि वर्षभरात सगळ्यात कमजोर तो तेव्हाच असतो. एका स्पर्धेच्या आदल्या रात्री जिना चढताना मला मध्येच कठड्याला धरून थांबावं लागलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याच मांड्यांवरचे कट्स बघून लोक टाळ्या वाजवत होते.

आता हलकं वजन आणि पंचवीस रेप. हे कृपा करून करू नकोस. ज्या भाराने स्नायू कमावला तोच भार त्याला राखतो. जेवण आधीच कमी, त्यात जड वजनही काढून घेतलं तर शरीराला एवढा खर्चिक स्नायू सांभाळायचं कारणच उरत नाही. कट्स वजनं मारून येत नाहीत, चरबी गेली की दिसतात, आणि चरबी जेवणाने जाते. वजन शक्य तितकं टिकव आणि सेट कमी कर. पाच मारत असशील तर तीन मार. सेटमधली विश्रांती वाढव, तीन-चार मिनिटं लागली तरी चालतील.

मात्र शेवटच्या पाच-सहा आठवड्यांत एक-दोन-तीन रेपचे प्रयोग बंद. उपाशी आणि थकलेल्या अंगावर तोल आणि ताबा दोन्ही कमी असतो आणि कंडरा तुटायला तेवढं पुरतं. नावाजलेला बॉडीबिल्डर डोरियन येट्स, त्याचा डावा बायसेप १९९४ मध्ये आणि ट्रायसेप १९९७ मध्ये तुटला, दोन्ही वेळा मिस्टर ऑलिंपिया या बॉडीबिल्डिंगच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेच्या तयारीत. त्याने दोन्ही वेळा जिंकलं खरं, पण १९९७ नंतर तो पुन्हा मंचावर आला नाही. तेव्हा फ्री स्क्वॉटऐवजी हॅक स्क्वॉट किंवा लेग प्रेस, बारबेलऐवजी मशीन. यात कमीपणा मानू नकोस. पंचांना फक्त स्नायू दिसतो, तो कशावर कमावला ते दिसत नाही.

तिसरीरांग

दादांनी ताकदीचं नीट सांगितलंय, मी बाकीच्याबद्दल लिहिते, कारण शेवटच्या दोन महिन्यांत बेंचपेक्षा हेच जास्त छळतं आणि आधी कोणी सांगत नाही.

मी बॉडीबिल्डिंग स्पर्धांमधल्या स्त्रियांच्या फिगर गटात उतरते. आठवडे कमी होत जातात तशी थंडी वाजायला लागते, भर दुपारी जाड स्वेटर घालून बसायचे मी. लाकडी खुर्चीवर बसवत नाही, बसायची हाडं टोचतात. कुशीवर झोपलं की गुडघ्यावर गुडघा आपटतो, मध्ये उशी घ्यावी लागते. पहाटे तीनला टक्क जाग येते आणि डोक्यात फक्त खाणं. स्वतः न खाता दुसऱ्यांसाठी तासन्‌तास स्वयंपाक करणं, पाककृतींचे व्हिडिओ बघत बसणं, हे सगळ्यांचंच होतं. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत अॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून प्रयोग केला होता. तेही असेच पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे, चिडायचे, गप्प व्हायचे, थंडीने कुडकुडायचे. तेव्हा हे सगळं होताना स्वतःला दुबळ्या मनाचं समजू नकोस. भूक आवरणारं लेप्टिन पडतं, भूक लावणारं घ्रेलिन चढतं, थायरॉईड मंदावतं. शरीर आपलं काम करत असतं.

शिवाय ते हालचालही गुपचूप कमी करतं. माझ्या लक्षात आलं ते असं, की बोलताना माझे हात हलेनासे झाले होते. लिफ्ट दिसली की पाय आपोआप तिकडे वळायचे. कॅलरी तेवढ्याच आणि तरी वजन अडकलं म्हणून लोक जेवण कापतात, प्रत्यक्षात दिवसाची पावलंच निम्मी झालेली असतात. पावलं मोज आणि आकडा पडू देऊ नकोस. अजून जेवण कापण्याआधी हे बघ.

या धाग्यावर मुलीही वाचत असतील म्हणून लिहिते. पाळी थांबली तर 'स्पर्धेत होतंच' म्हणून सोडून देऊ नका. हाडांवर परिणाम होतो तो नंतर कळतो. फिनलंडमध्ये फिटनेस स्पर्धक स्त्रियांवर झालेला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. स्पर्धेनंतर तीन-चार महिन्यांत वजन परतलं, बरीचशी हार्मोन्स परतली, पण थायरॉईडचं टी-३ हार्मोन आणि टेस्टोस्टेरॉन तेव्हाही पूर्ण सावरलं नव्हतं. दोन स्पर्धांमध्ये किती अंतर ठेवायचं हे ठरवताना हे मनात असू द्या. माझी पाळी यायला स्पर्धेनंतर बरेच महिने लागले आणि ती नियमित होईपर्यंत पुढची स्पर्धा घ्यायची नाही, हे मी तेव्हापासून पाळते.

कोरडाकट

सगळं बरोबर, पण शेवटी निकाल लागतो तो पाण्यावर. शेवटचे पाच दिवस मीठ बंद, शेवटचे दोन दिवस पाणी बंद. त्वचा कागदासारखी होते. आमच्याकडे सगळे हेच करतात.

जुनालोखंडी

कोरडाकट, तू मनापासून लिहिलंयस हे कळतं, पण त्या मुलाने हे वाचून करू नये म्हणून स्पष्ट लिहितो.

स्नायूचा जवळपास तीन चतुर्थांश भाग पाणीच असतो. पाणी बंद केलं की ते फक्त त्वचेखालून जात नाही, स्नायूच्या आतूनही जातं. शरीर 'इथलं सोड आणि तिथलं ठेव' असं आपलं ऐकत नाही. वर सांगितलं तसं ग्लायकोजेनला पाणी लागतं. कार्ब भरायच्या दिवसांतच पाणी तोडलं तर खाल्लेलं स्नायूत नीट बसणार कसं? आणि मीठ काढलं की रक्ताचं आकारमान उतरतं. मंचामागे रबरी बँड ओढून ओढून हात दुखले तरी पंप येत नाही, म्हणजे रक्त भरून स्नायू फुगत नाहीत, शिरा दिसत नाहीत. मुलं आदल्या रात्री छान दिसतात, सकाळी सपाट होऊन येतात आणि घरी जाऊन रात्री पोटभर जेवल्यावर, दुसऱ्या दिवशी आयुष्यातले सगळ्यात चांगले दिसतात. हे मी इतक्यांचं बघितलंय की आता पीक वीकमध्ये, म्हणजे स्पर्धेआधीच्या शेवटच्या आठवड्यात, कोणाला काही नवं करू देत नाही.

त्यात मूत्रल (लघवी वाढवून पाणी काढणाऱ्या) गोळ्या घेतल्या तर प्रश्न दिसण्याचा राहतच नाही. पोटॅशियम आणि सोडियमचा तोल ढळला की हृदयाची लय बिघडते. बॉडीबिल्डर मोहम्मद बेनअझिझा १९९२ मध्ये स्पर्धा जिंकल्यावर काही तासांत गेला, ३३ वर्षांचा होता. दुसरा बॉडीबिल्डर आंद्रेआस म्युन्झर १९९६ मध्ये गेला, ३१ वर्षांचा, एकेक अवयव निकामी होत. दोघंही कमालीच्या कोरड्या शरीरासाठी प्रसिद्ध होते. ज्याची चरबी खरोखर गेलीय त्याची त्वचा पाणी पिऊनही पातळच दिसते. ज्याची राहिलीय त्याला दोन दिवस तहानेने मारून ती जात नाही.

पहिलाचमंच

दादा, ताई, खूप आभार. वही काढली. रोइंग आणि लेग कर्ल तीन आठवड्यांपूर्वी होते तिथेच आहेत, लेग एक्स्टेन्शनला एक रेप कमी. शनिवार-रविवार कार्ब वाढवून सोमवारी बेंच मारला, १०० वर सात निघाले! पण एक गोष्ट आधी लिहायची राहिली. गेल्या दोन आठवड्यांत वजन फार भराभर उतरलं, आठवड्याला सव्वा किलोच्या आसपास. मी खूश होतो. आणि झोप तीन-साडेतीन तासांनी मोडते. कार्ब बंद करू नयेत हे कळलं, मग पुढे जेवण बदलायचं कसं?

जुनालोखंडी

सात रेप वाचून बरं वाटलं. छाती जागेवर आहे.

वेग मात्र जास्त आहे. आठवड्याला शरीराच्या वजनाच्या अर्धा ते एक टक्का, या मर्यादेत राहायचं. तुझ्या ८० किलोला म्हणजे ४०० ते ८०० ग्रॅम. आणि जसजसा बारीक होशील तसतसा वेग खालच्या टोकाकडे न्यायचा, कारण चरबी कमी उरली की तूट भरायला शरीर स्नायूकडे वळतं. म्हणून आत्ता कापायचं नाहीये, वाढवायचंय. रोज २०० कॅलरी, म्हणजे ५० ग्रॅम कार्ब. निम्मे व्यायामाच्या आधी, निम्मे रात्रीच्या जेवणात. रात्री कार्ब खाल्ले की झोप लागते असा माझा अनुभव आहे. रात्री कार्ब खाल्ल्याने चरबी वाढते ही भीती सोडून दे, दिवसाचा हिशोब तोच असतो.

प्रोटीन ठीक आहे. चरबीविरहित वजनाच्या दर किलोला २.३ ते ३.१ ग्रॅम, असं औषधाविना स्पर्धा करणाऱ्यांसाठी सुचवलं जातं, तू त्यात बसतोस. फॅट ५० च्या खाली आणू नकोस, टेस्टोस्टेरॉन आधीच उतरणीला लागलेलं असतं. पुढे वजन खरंच अडलं तर आधी पावलं तपास, मग कार्बमधून २५-३० ग्रॅम काढ, आणि दोन आठवडे तिथेच थांब. एका दिवसाच्या काट्यावर काही ठरवायचं नाही. ताणाने शरीर पाणी धरून ठेवतं, आठवडाभर काटा हलत नाही आणि एका सकाळी किलोभर खाली येतो. सात दिवसांची सरासरी काढून मागच्या सरासरीशी ताड.

ताटात पोट भरणारं वाढव: उकडलेला बटाटा, पालेभाज्या, काकडी, कोबी, मासे, अंड्याचा पांढरा भाग. तोच बटाटा तळला की फॅटचा हिशोब कोलमडतो, उकडलेल्याने मात्र तेवढ्याच कॅलरीच्या भातापेक्षा पोट जास्त भरल्यासारखं वाटतं. मात्र शेवटच्या तीन-चार दिवसांत पालेभाज्या आणि तंतुमय पदार्थ कमी कर, पोट सपाट राहतं.

दिसण्याबद्दल एक सांगून ठेवतो. अजून तीन-चार आठवड्यांनी एक वाईट टप्पा येईल. चेहरा ओढलेला, हात बारीक, आणि कंबरेच्या मागची आणि नितंबांवरची चरबी तरीही हटत नसेल. पुरुषांत ती सगळ्यात शेवटी जाते. तेव्हा 'मी लहानही झालो आणि कट्सही नाहीत' असं वाटून बरेच जण माघार घेतात किंवा जेवण अर्ध्यावर आणतात. दोन्ही करू नकोस. ती शेवटची चरबी गेली की वजन कमी असूनही माणूस मंचावर मोठा दिसतो, कारण प्रत्येक स्नायूची कड सुटी दिसते.

शेवटच्या आठवड्यात तीनेक दिवस आधीपासून कार्ब वाढव, पाणी आणि मीठ नेहमीएवढंच ठेव, पायांचा जड व्यायाम चार-पाच दिवस आधी थांबव. याची तालीम स्पर्धेच्या तीन-चार आठवडे आधी एकदा करून बघ आणि दर सकाळी एकाच उजेडात फोटो काढ, म्हणजे किती कार्बवर तू भरतोस आणि कितीवर पाण्याने सुजतोस ते कळेल.

उठून उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येणं थोडंफार होईल. पण छातीत धडधड होऊन ठोका चुकल्यासारखं वाटलं, किंवा चक्कर येऊन पडलास, तर त्या दिवशी डाएट थांबवून डॉक्टरकडे जायचं. स्पर्धा पुढच्या वर्षीही असते.

आणि आजपासून रोज वीस मिनिटं पोझिंग. श्वास रोखून नाही, बोलता येईल इतका श्वास चालू ठेवून. पहिल्यांदा उतरणारे पाय आवळायला विसरतात, लक्ष सगळं हातांकडे. पंच तर खालपासून वर बघतात.

तिसरीरांग

एक जोडते. स्पर्धेनंतरचा आठवडा आत्ताच कागदावर लिहून ठेव, तेव्हा डोकं चालत नाही. त्या रात्री हवं ते खा, पण दुसऱ्या दिवसापासून ठरलेलं जेवण, आत्तापेक्षा चार-पाचशे कॅलरी जास्त. भूक पोट भरल्यावरही थांबत नाही, आठवड्यात पाच-सहा किलो चढून घोटे सुजलेले मी मैत्रिणींचे बघितलेत. पहिल्या महिन्यात तीन-चार किलो वाढू दे, ते वाढायलाच हवेत. आरशातला तो कट सोडताना वाईट वाटतं. घरच्या कोणाला तरी आधीच सांगून ठेव की त्या दिवसांत तुझ्याकडे लक्ष ठेवावं.

पहिलाचमंच

बहिणीला सांगितलं, ती हो म्हणाली. कार्ब आजपासून ५० ग्रॅम वाढवलेत, उद्यापासून बेंचऐवजी मशीन प्रेस. तालीम स्पर्धेच्या चार आठवडे आधी करतो आणि फोटो इथेच टाकतो.